खाटेवर बसवलेला बाप

त्या पुस्तकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते केव्हाच बाजारातून गेलं, आता कुणाच्या घरी सापडायचंही नाही, तरी नाही. त्याची तेवढीसुद्धा जाहिरात माझ्या हातून व्हायला नको. ते ज्याने काढलं त्या चित्रकाराचंही नाव नाही. तो वारला असं कानावर आलं आहे. वारला म्हणून मी त्याला माफ केलं, असं कुणी समजू नये.

पुस्तक लहान मुलांचं होतं, चित्रांचं. आपल्या देशात किती तऱ्हेची माणसं राहतात, कुणाचं घर कसं, कुटुंब कसं, सण कसे, हे मुलांना कळावं म्हणून काढलेलं. हेतू चांगला होता असं मला पुष्कळांनी समजावलं आहे. पानोपानी एकेक कुटुंब. कोळ्याचं कुटुंब होडीजवळ. शेतकऱ्याचं बैलांजवळ. शहरातलं कुटुंब पुढच्या खोलीत, बाबा वर्तमानपत्र वाचताहेत, आईच्या हातात चहाची कपबशी. आणि शेवटून दुसऱ्या पानावर आम्ही.

त्या पानावर माझा बाप डोक्याला मोरपिसांचा टोप घालून, अंगभर राखेचे ठिपके काढून, कमरेला घुंगरं आणि सुकलेले भोपळे बांधून खाटेवर बसला आहे. शेजारी उभी माझी आई त्याला तांब्यातून पाणी देते आहे. त्याच्या मांडीवर एक पोरगी आहे, ती मी. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: हे भिल्ल कुटुंब आहे. बाबा खाटेवर बसतात. आई पाणी देते. ताई मांडीवर बसते. सगळे आनंदात आहेत.

वाचणाऱ्याला यात काही वावगं दिसायचं नाही. तळोदा-पुण्याकडच्या मास्तरांनाही दिसलं नव्हतं. म्हणून सांगते.

आमचं गाव सातपुड्यात, काठीपासून चालत अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. आता हा नंदुरबार जिल्हा. तेव्हा पश्चिम खानदेश म्हणायचे. काठीची होळी मोठी, लांबलांबची गावं तिथे नाचायला जातात. पण टोप घालून, अंग रंगवून नाचणारा माणूस हौसेने नाचत नसतो. त्याने नवस केलेला असतो आणि त्यासाठी तो पालनी पाळत असतो. पालनी म्हणजे व्रत. होळीच्या आधीपासून पुरी होईपर्यंत त्याने खाटेवर बसायचं नाही, भुईवर निजायचं. बाईच्या हातचं खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, आपली भाकर आपण भाजायची. बायकोने त्याला शिवायचं नाही, लेकीनेही नाही. मी लहान होते तेव्हा बापाच्या त्या घुंगरांना हात लावावा असं फार वाटायचं, आणि आई माझं मनगट धरून मला अंगणाच्या कडेला उभी करायची.

बापाची पालनी माझ्या धाकट्या भावासाठी होती. त्याच्या आधीची माझी दोन भावंडं पाळण्यातच गेली. हा जगला तर पाच होळ्या पालनी पाळीन, असं बाप देवाला बोलला होता. भाऊ जगला. तीन होळ्या झाल्या. तिसऱ्या होळीला तो चित्रकार आला.

वनखात्याच्या कुणाचा तरी पाहुणा होता. डोक्याला टोपी, पायात मोजे. गावात दोन दिवस हिंडला. माझ्या बापाला त्याने मोहाच्या झाडाखाली उभं केलं आणि चित्र काढलं. बाप हलला नाही. पाहुण्याने उभं राहायला सांगितलं, उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आमची झोपडी काढली, तिच्यापुढची खाट काढली, ओढ्यावरून पाणी आणणारी आई काढली, मला काढलं. सगळं वेगवेगळ्या कागदांवर. मग गेला. पुण्यात बसून त्याने ते कागद एकात एक जोडले आणि माझ्या बापाला खाटेवर बसवला.

पुस्तक गावात आलं ते नव्या शाळेच्या मास्तरांबरोबर. मास्तर शहाद्याकडचे, बोलणं अहिराणी, माणूस उत्साही. त्यांनी चावडीपुढे सगळ्यांना बोलावलं आणि पान उघडून धरलं.

"देखा, तुमनं गाव पुस्तकमा उनं."

आपलं गाव पुस्तकात आलं म्हणून लोक खूष होऊन पुढे सरकले. पोरं पायांमधून शिरली. मग एकेकाचं हसू थांबत गेलं.  मास्तरांना वाटलं, लोक भारावले.

आता हेही सांगायला हवं की आमच्या गावाने तोवर कागदावरचं माणूस पाहिलं होतं ते एकाच ठिकाणी. बाजाराच्या गावी एक फोटोवाला बसायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालून. त्याच्या पेटीत जे समोर असेल तेच उतरायचं. तोंडावर माशी बसली तर माशीही उतरायची. चित्र निराळं आणि फोटो निराळा, हे गावाला कोण सांगणार? कागदावर उतरलं म्हणजे समोर घडलं. पालनीत माणूस खाटेवर बसला होता. बाईच्या हातचं पाणी प्यायला होता. लेक मांडीवर घेतली होती.

त्याच साली रोग येऊन गावातल्या शेळ्या मेल्या होत्या. का मेल्या, हे लोकांना त्या पानावर दिसलं.

पंच बसले. माझ्या बापाचा चुलतभाऊ, माझा काका, सगळ्यांत जास्त बोलला. "साहेब लोक कशाला खोटं काढतील? त्यांचं आपलं काय वैर?" असं तो म्हणाला. बाप एवढंच म्हणत राहिला की मी बसलो नाही. गावचा पुजारा म्हातारा होता, वाईट माणूस नव्हता. पण त्याने शेवटी निवाडा दिला की मोडलेली पालनी पुढे चालवता येत नाही. बापाने यापुढे टोप घालायचा नाही. गावाच्या नाचात पुढे नाचायची बापाची जागा काकाला मिळाली. काकाने येत्याच होळीला आपल्या कुठल्याशा नवसाची पालनी धरली. टोपाला पिसं कमी पडली म्हणून आमच्याच घरून मागून नेली.

बापाला जागा गेल्याचं दुःख नव्हतं. तो भावाकडे बघायचा. नवस बोललेला, आणि अर्धा राहिलेला. भावाला साधा ताप आला तरी बाप जेवण टाकून त्याच्या उशाशी बसायचा, आणि ताप उतरला तरी उठायचा नाही. असं एक-दोन वर्षं नाही, सतरा वर्षं चाललं. माणूस त्याने पोखरत जातो. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून मला हेतूबितू कुणी सांगू नये.

निवाडा झाला त्या संध्याकाळी बापाने मला मास्तरांकडून पुस्तक मागून आणायला लावलं. मास्तरांच्या शाळेत मी जायला लागले होते. मला तेव्हा जोडाक्षरं येत नव्हती, पण त्या पानावर जोडाक्षरं फारशी नव्हतीच. मी वाचलं. बापाने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "आपल्यात खोटी साक्ष ज्याने दिली त्यानेच सगळ्यांदेखत परत घ्यायची असते. दुसऱ्या कुणी घेऊन चालत नाही. तो कुठे राहतो ते लिहिलंय का त्यात?"

नव्हतं लिहिलेलं. पानाच्या कोपऱ्यात फक्त एक वळणदार सही होती. ती मी पाहून ठेवली.

मला शिकायचं होतं ते एवढ्यासाठी. ज्ञान, प्रकाश वगैरे लोक भाषणात बोलतात. माझ्या मनात तो माणूस होता. तळोद्याला मुलींच्या वसतिगृहात राहिले. तिथल्या शाळेतही ते पुस्तक होतंच. कळसाडीकडच्या, ऊसकापसाच्या घरच्या मुली माझ्याबरोबर होत्या, त्यांतली एक रोज जेवणाच्या पंगतीत विचारायची, "तुन्हा बाप रोज मोर बनीसन बठस का वं?" मी तिच्या ताटातली आमटी तिच्या डोक्यावर ओतली. बाईंनी मला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं आणि नंतर जवळ घेऊन म्हणाल्या, अगं, कौतुकच केलंय ना तुमचं त्या पुस्तकात, मग राग कसला? मी त्यांना पालनी सांगितली. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, हो, पण पुस्तक काही तुमच्या गावासाठी नाही काढलेलं. एवढं खरं वाक्य त्या पुस्तकाबद्दल कुणी बोललं नसेल.

पुढे धुळ्याला कॉलेज. तोवर महाराष्ट्र झाला होता, आमच्यासारख्यांना शिष्यवृत्ती मिळायला लागली होती. मी बी.ए. झाले. आमच्या गावात त्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, बाई तर नाहीच नाही. हे मी मिरवण्यासाठी लिहीत नाही. नाही, मिरवण्यासाठीच लिहिते आहे. निकाल लागला तेव्हा बापाने विचारलं, "आता तो सापडेल का?"

सापडला. मी तळोद्याच्या शाळेत शिकवायला लागले आणि दुसऱ्याच वर्षी धुळ्याहून बोलावणं आलं. मुलांसाठी तसंच एक नवं चित्रांचं पुस्तक निघायचं होतं, त्याच्या बैठकीला आदिवासींतलं कुणीतरी शिकलेलं हवं होतं. मी गेले. टेबलाच्या टोकाला खादीचा झब्बा घातलेले, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. बोलता बोलता त्यांनी कागदावर पेन्सिलीने बैठकीचं चित्र काढायला घेतलं. काढताना थांबले, एका कारकुनाला उठवून दुसऱ्याच्या खुर्चीत बसवलं, चहा देणाऱ्या शिपायाला किटली उंच धरायला लावली, माझ्यापुढे कुणाची तरी फाईल ठेवली आणि म्हणाले, "चित्र बसवावं लागतं, बाई. आपोआप बसत नाही." मग खाली सही केली. तीच वळणदार सही.

मी त्यांना काही बोलले नाही. तेव्हाच बोलले असते तर काय झालं असतं? धुळ्याच्या एका खोलीत चार माणसांपुढे ते अरेरे म्हणाले असते. माझ्या बापाच्या काय कामाचं ते?

त्यांनीच विषय काढला. म्हणाले, जुन्या पुस्तकातलं ते भिल्ल कुटुंबाचं पान लोकांना फार आवडलं होतं.

"आमच्याकडे तर ते पान अजून कुणी विसरलेलं नाही," मी म्हटलं.

ते खरोखर सुखावले. मी म्हटलं, सर, या होळीला आमच्याकडेच या, नवी चित्रं तिथेच काढा. ते लगेच हो म्हणाले.

मग मी गावी जाऊन काकाकडे गेले. सतरा वर्षांत त्या घराची पायरी मी चढले नव्हते. काकाला म्हटलं, मोठे साहेब येणार आहेत, नवं पुस्तक काढायचंय, गावात आता टोप तुमच्याच डोक्यावर, तेव्हा चित्र तुमचंच निघेल. काकाला एवढं पुरलं. त्याने अंगण सारवून घेतलं, पाहुण्याला बसायला घरातली चांगली खाट बाहेर काढून ठेवली, आणि बघायला या म्हणून गावभर स्वतः सांगत फिरला. पुजाऱ्यालाही त्यानेच बोलावलं. मला फक्त माझ्या बापाला आणावं लागलं. तो येत नव्हता. मी म्हटलं, तो सापडलाय. मग आला, आणि गर्दीच्या मागे उभा राहिला.

पाहुणे खाटेवर बसले. होळी दोन दिवसांवर आली होती, काकाची पालनी चालू होती. दुपार होती, ऊन चांगलं होतं. काका टोप, घुंगरं, भोपळे, सगळं लेवून ताठ उभा राहिला. पाहुण्यांनी वही उघडली, दोन रेघा मारल्या आणि तोंड वाकडं केलं.

"हे असं उभं नको. सैनिक वाटतो. जरा घरगुती पाहिजे."

आणि हाताने खाट थोपटून त्यांनी काकाला बोलावलं. या, इथे बसा.

काका हसला फक्त. पाहुण्यांना वाटलं, लाजतोय. ते उठले, त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाटेकडे ओढायला लागले. काका इंगळी चावल्यासारखा मागे झाला, कमरेची घुंगरं खळाळली. पाहुणे हसले, मग त्यांनी दारातल्या काकूला खूण केली, तांब्या घेऊन या. आणि समोर खेळणारी काकाची नात उचलून ती काकाकडे धरली, घ्या मांडीवर. काका एकेक पाऊल मागे सरत झोपडीच्या कुडाला टेकला. 

आधी पोरं हसली. नंतर कुणीच हसेना. गावाने एकदा पाहुण्याकडे पाहिलं आणि मग, एकेक करून, मागे वळून माझ्या बापाकडे.

पुजारा काठी टेकत पुढे आला आणि मला आमच्या बोलीत विचारलं, हा काय म्हणतो. मी सांगितलं. पदरचा एक शब्द घातला नाही, गरजच नव्हती. म्हणतो, याने खाटेवर बसावं, बायकोने पाणी द्यावं, नातीला मांडीवर घ्यावं. तसं केलं की चित्र चांगलं होतं.

"विचार त्याला," पुजारा म्हणाला, "तेव्हाही असंच केलं होतं का."

मी पिशवीतून जुनं पुस्तक काढून ते पान पाहुण्यांपुढे धरलं. त्यांनी चष्मा पुसला, आणि आपलं जुनं काम भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर उमटला.

"हा गडी तर उभाच होता हो. हलेचना. खाट, बाई, पोर हे मी घरी गेल्यावर घातलं."

"म्हणजे तुम्ही त्याला खाटेवर बसलेलं पाहिलं नव्हतं?"

"पाहावं कशाला लागतं, बाई?"

मी हेही जसंच्या तसं सांगितलं. गर्दीतून मधमाश्या उठल्यासारखा आवाज आला. मग मी पाहुण्यांना पालनी सांगितली, शेळ्या सांगितल्या, निवाडा सांगितला, आणि मागे उभा असलेला माझा बाप दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, तुम्ही मला धुळ्यालाच सांगायला हवं होतं, मी पत्र लिहून दिलं असतं.

"माझा बाप पत्र वाचत नाही," मी म्हटलं. "त्याच्या तोंडावर सांगा."

ते म्हणाले, हे बरोबर नाही, तुम्ही मला यासाठी इथे आणलंत? मी म्हटलं, होय, यासाठीच. ते चिडून जीपकडे बघायला लागले. जीप खाली नाल्यापलीकडे उभी होती, आणि वाट गर्दीतून जात होती. कुणी त्यांना अडवलं नाही. फक्त कुणी बाजूलाही झालं नाही. शेवटी ते माझ्या बापापुढे गेले आणि मान खाली घालून म्हणाले, "मी पाहिलं नव्हतं. मी खोटं काढलं." मी म्हटलं, मोठ्याने. त्यांनी मोठ्याने म्हटलं. मी ते आमच्या बोलीत सांगितलं तेव्हा पार ओढ्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

 बापाने पुजाऱ्याकडे पाहिलं. पुजारा म्हणाला, तुझी पालनी मोडली नव्हती, तीन होळ्या तुझ्या पक्क्या, पुढच्या होळीपासून राहिलेल्या दोन कर.

गोंधळात काकाच्या कमरेचा भोपळा खाटेच्या माच्याला लागला की नाही, यावर गावात पुढे कित्येक महिने वाद चालला. लागला म्हणणारे निम्मे, नाही म्हणणारे निम्मे. काकाला त्या होळीला नाचू द्यावं की नाही, हे ठरेना, आणि ठरेस्तोवर होळी होऊन गेली. मी अगदी जवळ उभी होते. काका दोनदा घरी येऊन म्हणाला, तू सांग, तुझं ऐकतील, तू शिकलेली. मी म्हटलं, काका, माझं लक्ष नव्हतं.

नव्या पुस्तकात आमचं पान मी लिहिलं. चित्र दुसऱ्याने काढलं, आणि ते मी गावात पुजाऱ्याला दाखवल्याशिवाय छापायला जाऊ दिलं नाही. त्यात एक माणूस भुईवर बसून आपली भाकर भाजतो आहे आणि घरचे लांब उभे आहेत. धुळ्याला कुणीतरी म्हणालं, यात कुटुंब कुठे दिसतंय? मी म्हटलं, हेच कुटुंब.

पुढच्या होळीला बापाने पालनी धरली. केस गेले होते, टोप डोक्यावर राहीना. माझ्या भावाने तो सुताने आवळून बांधला. भाऊ तोवर बापापेक्षा हातभर उंच झाला होता. मी तळोद्याहून रजा काढून आले आणि अंगणाच्या कडेला उभी राहिले. बाप चुलीपुढे बसून भाकर थापत होता. वेडीवाकडी होत होती.

"त्या साहेबाला त्या दिवशी जेवू घातलं होतंस का?" त्याने वर न बघता विचारलं.

"नाही."

"पाहुणा होता."

"होता. उपाशी पाठवला."

बापाने भाकर उलटली, बोट भाजलं, ते तोंडात धरलं.

"पालनीत रागवायचं नसतं," तो म्हणाला, "नाहीतर तुला चांगलं बोललो असतो."

"म्हणून तर आज सांगितलं," मी म्हटलं.